शून्य विचारून मी गेले

या पानावर मी बरीच वर्षं नुसती वाचत आले आहे. लिहिते आहे पहिल्यांदाच. बहुतेक शेवटचंच.

हे घडलेलं आहे. माझ्याबाबतीत घडलेलं आहे. कुणी विश्वास ठेवावा म्हणून लिहीत नाही.

आमच्या घरात भूत या शब्दाला किंमत नव्हती. बाबा म्हणायचे, "जे मोजता येत नाय, ते वहीत लिहू नको." म्हणून मी जे मोजलं तेवढंच लिहिणार आहे.

जागा, आमचं कापड्यातलं घर. तालुका पोलादपूर. शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. मागच्या खाचरातला भात कधीच निघाला होता, बुडखे वाळून पांढरे पडले होते. समोर सुंदराकाकीच्या अंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या.

पडवीत टेबल होतं. टेबलाच्या एका बाजूला माझी खुर्ची. दुसऱ्या बाजूला बाबांची.

बाबा जाऊन सतरा दिवस झाले होते.

आणि त्यांच्या खुर्चीतून आवाज आला... बसल्याबसल्या अंगाचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतल्यासारखा.

पण आधी आम्ही दोघं त्या टेबलावर काय करायचो ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझं नाव प्रियदर्शिनी. पुण्याच्या एका लहान कंपनीचं काम मी महाडला घरी बसून करते. कंपनी वेबअसेम्ब्लीवर काम करते. हे नाव ऐकलं नसेल तरी बिघडत नाही. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर चालावा म्हणून तो बारीक बारीक हुकमांत मोडतात. त्या हुकमांच्या रांगेला बाइटकोड म्हणतात. ती रांग चालवायला एक इंटरप्रिटर लागतो. तो एक हुकूम वाचतो, पाळतो, मग पुढचा वाचतो. बाकी काही नाही. चाल हळू, पण कुठल्याही स्वस्तातल्या, डबीएवढ्या यंत्रावर चालेल असा. तो लिहायचं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन करायचं काम माझ्याकडे होतं.

बाबा एकतीस वर्षं महाडच्या एका केमिकल कारखान्यात कंट्रोल पॅनलवर होते. आई गेल्यावर आणि निवृत्त झाल्यावर ते गावी येऊन राहिले. नाव दत्ताराम. शिक्षण जुनी अकरावी. मी काय करते ते त्यांना समजून घ्यायचंच होतं. मी सांगितलं.

ते म्हणाले, "म्हणजे तुझा तो इंटरप्रिटर पॅनलवरचा माणूसच की गो. स्वतः काय ठरवत नाय. वरून येईल ते करतो."

"तसंच."

"मग त्याला पगार किती?"

त्या दिवसापासून दर आठवड्याला मी कापड्याला गेले की ते माझ्याबरोबर कामाला बसू लागले.

पद्धत त्यांनीच काढली. प्रत्येक नवा हुकूम मी मशीनला शिकवायच्या आधी आम्ही दोघं तो हातानं चालवून बघायचो. मी वाचणारी. बाबा ठेवणारे. जुन्या लग्नपत्रिकांचे त्यांनी पत्त्याएवढे तुकडे कापले होते. तसबिरीचा भाग आधी नीट कापून कपाटात ठेवला होता. तुकड्याच्या कोऱ्या बाजूवर ते स्केचपेननं आकडा लिहायचे आणि टेबलावर थप्पी लावायचे.

"सात ठेवा."

टक्.

"तीन ठेवा."

टक्.

"वजा."

वरच्या दोन पत्रिका उचलायच्या, वजाबाकी करायची, नवी पत्रिका ठेवायची.

टक्.

जाड कागद सागवानी फळीवर पडला की असाच वाजतो. त्या आवाजाबद्दल माझी चूक होणं शक्य नाही. वर्षभर मी तो दर आठवड्याला ऐकला आहे.

नियम दोन होते. वाचणाऱ्यानं थप्पीकडे बघायचं नाही. ठेवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस नकळत चूक सांभाळून घेतो, आणि मशीन सांभाळून घेत नाही.

तिसरा नियम नंतर आला. एकदा मधेच काकीची कोंबडी पडवीत शिरली. बाबा तिला हाकलायला उठले. दाराचा वारा लागून वरची पत्रिका उडाली. नसलेली चूक शोधण्यात आमचे तीन तास गेले. तेव्हापासून बाबांनी ठरवलं की वाचणाऱ्यानं 'संपलं' म्हटल्याशिवाय ठेवणाऱ्यानं उठायचं नाही.

"काही झालं तरी?" मी विचारलं होतं.

"रिलीव्हर आल्याबिगर पॅनल सोडायचं नाय," ते म्हणाले. "एकदा मी अठरा तास बसलो व्हतो. दुसऱ्या पाळीचा माणूस पुरात अडकला. लघवीला पण उठलो नाय."

"घाणेरडे आहात बाबा तुम्ही."

"घाणेरडा. पण कारखाना उभा हाय."

प्रत्येक हुकमाचं एक पान ते मराठीत लिहायचे. दोनशे पानी वहीत. मी नंतर ते ऑफिससाठी इंग्रजीत करायची. पानावर तीनच गोष्टी असायच्या. हुकूम काय करतो. कशासाठी करतो. आणि त्याला करता आलं नाही तर काय होतं. ही तिसरी ओळ ऑफिसात कुणीच लिहीत नसे. आमच्या डॉक्युमेंटेशनचं कौतुक झालं ते त्या ओळीमुळे. कौतुक माझ्या नावावर झालं.

बुधवार, १७ जानेवारी. त्या दुपारी आम्ही फेरीचा हुकूम तपासत होतो. प्रोग्रॅम अगदी लहान होता. एका आकड्यातून एक वजा करायचा. शून्य झालं का ते बघायचं. नसेल झालं तर परत मागे. झालं असेल तर बाहेर पडायचं आणि संपवायचं.

थप्पी मी बघत नसल्यामुळे शून्य झालं की नाही ते मला कळत नसे. ते बाबांनी सांगायचं.

"वजा एक."

टक्.

"शून्य?"

"नाय."

"वजा एक."

टक्.

एरवी मी कागदावरून वाचायची आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण करायची. त्या दिवशी महाडच्या प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून थेट लॅपटॉपवरून वाचत होते. खूण करायला जागा नव्हती.

तीन दहाला मोबाईलचा गजर झाला. सव्वातीनला मीटिंग होती. घरात नेटवर्क येत नाही. वळणावरच्या मोरीवर, म्हणजे ओढ्याच्या छोट्या पुलावर, जावं लागतं.

"शून्य?" मी विचारलं, आणि त्याच दमात उठले. "बाबा, थांबा हां. पाच मिनिटांत आले."

ते काहीतरी म्हणाले. गजर वाजत होता. मी स्कूटरची किल्ली शोधत होते.

मीटिंग लांबली. आमचा टीम लीड मुकुल म्हणाला, तपासणीची एक फाईल आजच हवी. ती महाडच्या कॉम्प्युटरवर होती. मोरीवरून घर दहा मिनिटांवर होतं. जाऊन सांगून यायला हवं होतं.

मी सरळ महाडला गेले.

रात्री उशिरापर्यंत काम केलं. झोपले.

सकाळी साडेसहाला मोरीवरून सुंदराकाकीचा फोन आला.

बाबा खुर्चीतच होते. ताठ बसलेले. समोर थप्पी. उजव्या हातात स्केचपेन, टोपण काढलेलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. रात्री आठ ते दहाच्या सुमाराला.

काकी सहा वाजता चहा घेऊन आली होती. तेव्हा ते बोलले होते. आलेल्या प्रत्येकाला ती ते सांगत होती, पदरानं नाक पुसत.

"मी म्हटलं, भावोजी, काळोख झाला, दिवा तरी लावा. तर म्हणतात, तू लाव, मला उठता येत नाय. मी म्हटलं, का, पाय धरलेत व्हय? तर म्हणतात, पोरगी मधीच गेली हाय, येईल. मी म्हटलं, तुमी काय शाळंतली पोरं हाव का, बाई येईस्तोवर हाताची घडी घालून बसायला? हसले गो. म्हणाले, छातीत जळजळतंय, पित्त झालंय. उठलो की आवळकाठी चघळतो."

उठलो की.

त्रिसरण-पंचशील झालं. सावित्रीच्या काठी सगळं झालं. पुण्यानुमोदनाला कारखान्यातले जुने लोक आले होते. मी सगळ्यांना पाणी दिलं.

टेबलावरची थप्पी मी हलवली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. त्यावर एक टॉवेल टाकून ठेवला.

आता तो शनिवार.

ऑफिसनं मुदत वाढवून दिली होती, पण फेरीच्या हुकमाचं पान अपुरं होतं. वही कापड्याला होती. ती घ्यायला म्हणून गेले, आणि तिथेच बसले. वही उघडली. पहिल्या दोन ओळी बाबांच्या अक्षरात होत्या. तिसरी जागा कोरी.

तेव्हा तो खुर्चीचा आवाज आला.

मी वर बघितलं. खुर्ची रिकामी होती.

वेताची खुर्ची. उन्हानं वेत वाजतात. मी मनाशी तेच म्हटलं.

मग लक्षात आलं... काकीच्या कोंबड्यांचा आवाज थांबला होता. त्या अंगणातच होत्या. मला दिसत होत्या. माना वर करून पडवीकडे बघत उभ्या होत्या. एकही टिपत नव्हती.

मी लॅपटॉप उघडला. तोच प्रोग्रॅम समोर होता. एकटं काम करताना मोठ्यानं वाचायची मला सवय लागली आहे. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

"पाच ठेवा."

काही नाही. काही होणारच नव्हतं.

दुसरी ओळ. तिसरी. चौथी.

"वजा एक."

टक्.

मी हलले नाही.

आवाज टॉवेलखालून आला होता.

बराच वेळ मी स्क्रीनकडे बघत राहिले. थप्पीकडे बघायचं नाही हा नियम त्या क्षणी मला आठवला, आणि नियम आहे याचा आधार वाटला. खरं सांगायचं तर मी घाबरले नव्हते. सतरा दिवसांत पहिल्यांदा मला श्वास पुरा घेता आला होता.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा, मी आलेय."

काही नाही.

"वजा एक."

टक्.

मग मला समजलं. किंवा समजलं असं वाटलं. ते अजून बसले होते. पॅनल सोडलं नव्हतं. मी मधेच सोडून गेले होते. मी परत येऊन पुढचं वाचलं, फेरी पुरी झाली, की ते उठतील. एवढंच करायचं होतं. माझ्या हातून जे राहिलं ते पुरं करण्याची संधी किती जणांना मिळते?

मी वाचत गेले.

"वजा एक."

टक्.

"शून्य?"

...

उत्तर आलं नाही.

उत्तर नाही म्हणजे शून्य नाही, असं मी धरलं. परत मागे.

"वजा एक."

टक्.

"शून्य?"

...

वहीच्या मागच्या पानावर मी दर फेरीला एक रेघ ओढत होते. प्रोग्रॅम पाचापासून सुरू होतो. जास्तीत जास्त पाच फेऱ्या लागायला हव्या होत्या. सात झाल्या. दहा झाल्या. वीस.

चाळिसाव्या रेघेला माझा आवाज बसला.

मी नियम मोडला. टॉवेल उचलला.

थप्पीवर सगळ्यात वरची पत्रिका. निळं स्केचपेन. बाबांचा चार, वरून उघडा, ते काढायचे तसाच.

उणे चाळीस.

फोटो मागू नका. काढला होता. फोटोत पत्रिका कोरी दिसते.

मी तो आकडा बघत बसले. मोजणं मला येतं. चाळीस वेळा एक वजा केल्यावर उणे चाळीस येतात, म्हणजे सुरुवातीला तिथे काय होतं?

मी तशीच उठून काकीकडे गेले. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"काकी, त्या दिवशी बाबा नक्की काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"सांगितले की गो सगळ्यांस्नी."

"अजून काही? काहीही."

तिनं हातातली शेंग ठेवली. "हां... म्हणाले, पोरगी शून्य इचारून गेली. मी हाय म्हटलं. दोनदा म्हटलं. पण ती दारातनं भाईर गेलेली. आता येऊन तिनं संपलं म्हटलं की उठतो."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? मला वाटलं, पत्त्यांचा डाव असंल तुमचा."

शून्य झालं होतं. मी उठले तेव्हाच झालं होतं. बाबांनी सांगितलंही होतं. वाचायला एकच शब्द उरला होता.

सतरा दिवस ते त्या एका शब्दासाठी बसले होते. मी परत आले, आणि तो शब्द सोडून दुसराच वाचला. आणि त्यांनी निमूट पाळला. ठेवणारा स्क्रीनकडे बघत नाही.

मी धावत परत आले. पडवीच्या दारातूनच ओरडले.

"संपलं! बाबा, संपलं! उठा!"

खुर्ची हलली नाही.

अंगणातल्या कोंबड्या तशाच उभ्या होत्या.

"मिळवा एक," मी म्हटलं. चाळीस वेळा म्हटलं. एकही टक् आला नाही. त्या प्रोग्रॅममध्ये मिळवणी नव्हतीच. मी पहिल्यापासून वाचून बघितलं. उलट वाचून बघितलं. "मी चुकले," असंही म्हटलं. तो हुकूम नव्हता.

फक्त "वजा एक" म्हटलं की आवाज यायचा. आणि मी हे कळायच्या आत अजून तीनदा म्हटलं होतं, केवळ तो आवाज ऐकावा म्हणून.

उणे त्रेचाळीस.

बाहेर पडायचा, 'संपलं' लागू व्हायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे आकडा बरोबर शून्य असणं. उण्यातून अजून वजा करत गेलं तर शून्य येत नाही, असं शाळेत शिकवतात. या मशीनमध्ये येतं. आकड्यासाठी ठरावीक जागा असते. स्कूटरचा किलोमीटरचा आकडा शेवटपर्यंत गेला की पुन्हा शून्यावर येतो, तसं. शून्यापासून पुन्हा शून्यावर यायला किती फेऱ्या लागतात ते मला पाठ आहे. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे शहाण्णव.

माझ्या इंटरप्रिटरनं ते सात मिनिटांत केलं. मी त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून चालवला. स्क्रीनवर बरोबर उत्तर आलं. टॉवेलखाली शांत होतं.

बाबा मशीनचं ऐकत नव्हते. माझं ऐकत होते.

मला एका फेरीला सहा सेकंद लागतात. रात्रंदिवस वाचलं तर आठशे सोळा वर्षं.

तरी मी दर शनिवारी जात राहिले.

का, ते मला विचारू नका. उपयोग नाही हे मला माहीत होतं. पण एक दिवस मी अर्ध्यावर सोडलं होतं, आणि परत तसं करणं मला जमत नव्हतं. दुपारी जायचं, टॉवेल बाजूला करायचा, वाचायला बसायचं. अंधार पडला की उठायचं. निघताना मी दर वेळी सांगायची, "बाबा, पुढच्या शनिवारी येते." त्याला अर्थ नव्हता. तोही हुकूम नव्हता.

कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा जेवढा होता तेवढाच राहिला. तोही मी मोजला होता. बावन्न.

एप्रिलमध्ये इंटरप्रिटर बाहेर पडला. नीट चालतो. कुणालाही त्यात काही वेगळं आढळलेलं नाही. फेरीच्या हुकमाची तिसरी ओळ मी लिहिली नाही. मुकुलनं विचारलं. मी म्हटलं, या हुकमाला ती लागत नाही.

मेच्या दुसऱ्या शनिवारी मी निघाले तेव्हा वहीत एकवीस हजार चारशे पन्नास रेघा होत्या. पत्रिकेवरही तेच. उणे एकवीस हजार चारशे पन्नास. मी दोन्ही ताडून बघितलं होतं.

पुढच्या शनिवारी स्कूटर लावते न लावते तोच काकी अंगणातून ओरडली.

"काय गो, मोठी झालीस हां! रोज येतेस नि चायला येत नायस!"

"रोज? मी आजच आले काकी."

"तर! रोज दुपारी आवाज येतो तुझा. सव्वातीनला. माझी सीरियल लागते नि तू वाचाया लागतेस. एकदाच वाचतेस नि गप. मी म्हटलं, कामात असंल, कशाला हाक मारा." ती जवळ आली आणि आवाज खाली घेतला. "काय इचारतेस गो त्यांस्नी रोज?"

मी हसून काहीतरी म्हटलं. पडवीत गेले. टॉवेल उचलला.

उणे एकवीस हजार चारशे छप्पन.

रविवार ते शुक्रवार. दिवसाला एक.

त्या शनिवारी मी वाचलं नाही. पत्रिकेला हात न लावता निघून आले.

बुधवारी रजा टाकली. स्कूटर मोरीवर ठेवली आणि चालत गेले. काकीला दिसणार नाही अशी, मागच्या खाचरातून. पडवीच्या कुडाला लागून, बाहेरच्या बाजूला उभी राहिले. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

कोंबड्या टिपत होत्या.

मग थांबल्या...

तीन पंधरा.

"वजा एक."

आवाज माझा होता. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज परका वाटतो, तसा नव्हता. आतून ऐकू येतो तसा होता. थोडी घाई असलेला.

टक्.

"शून्य?"

मग शांतता.

मी घड्याळाकडे बघत होते. मी तिथे सहा सेकंदांत पुढे जाते. सहा सेकंद गेले. एक मिनिट गेलं. आतून कुणी परत फिरलं नाही, पुढचं वाचलं नाही. आत कुणीतरी आहे, आणि ते उत्तराची वाट बघतं आहे, हे मला कुडाच्या या बाजूला, पाठीला कळत होतं. खुर्ची एकदा वाजली. बाबांची नव्हे. माझी.

चार वाजले. पाच वाजले. काकीनं वाळवण आत नेलं. दिवा लावला. डोंगरामागे ऊन गेलं आणि पडवीत काळोख झाला, तरी आतलं कुणी उठलं नाही.

जे काही तिथे माझ्या आवाजात बसलं आहे, ते काय आहे मला माहीत नाही. ते बाबांना सोडवील असं मला वाटत नाही. रोज एक फेरी, या हिशेबाला वर्षं लावण्यात अर्थ नाही.

पण ते एकदा विचारतं, आणि उत्तर येईपर्यंत हलत नाही.

साडेसात वाजता मी मोरीकडे चालत गेले. पडवीतली ती अजून थांबलेली होती.

मी कधीच थांबले नव्हते.